बाल्कनीखालचा थांबा

गल्लीच्या तोंडाशी इम्माने स्कूटरचा वेग कमी केला आणि हेल्मेटची काळी काच हनुवटीपर्यंत ओढली. मागे बसलेल्या, तोरिनोहून शहर बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, इथे ऊन तर उतरतच नाही, मग काच कशाला? धूळ असते, असं तिने सांगून टाकलं.

वाळत घातलेल्या चादरींखालून जुनी, फिकट हिरवी व्हेस्पा फटफटत चढ चढली. पाहुण्यांना अशी नापोली दाखवायचा धंदा दिराचा, स्कूटरही दिराची, आणि गल्लीतली ती वरची बाल्कनी सासूबाईंची. नवरा जहाजावर स्वयंपाकी, सणासुदीपुरता येणारा. किल्ला, समुद्र, मासळीबाजार झाला की हा शेवटचा थांबा. इम्माने भोंगा वाजवला की सासूबाई दोरीला बांधलेली टोपली खाली सोडत. तिच्यात गार लिंबूपाणी आणि मिरी घातलेले खुसखुशीत तराल्ली. पाहुणे खूश होत.

त्याच बाल्कनीत इम्माचा लहानगा एलिओ असे.

पाहुण्यांचा हंगाम सुरू झाला तेव्हा ती खालून त्याला हाका मारी. आजीच्या कडेवरून तो दोन्ही हात पुढे करून असा रडे, की पाहुण्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे. ती पुढच्या फेरीला निघून जाई आणि तो संध्याकाळपर्यंत हुंदके देत राही. सकाळी ती निघे तेव्हा तो आजीच्या कुशीत झोपलेला, रात्री परते तेव्हाही तिथेच. पाहुणे नाराज होतात म्हणून दीर कुरकुरला. सासूबाई भांडल्या नाहीत. टोमॅटो चिरता चिरता एवढंच म्हणाल्या,

"पोरी, आई दिसते पण वर येत नाही, हे त्या लेकराला मी कसं समजावू? त्यापेक्षा दिसूच नकोस."

तेव्हापासून ही काच. तो गजांना धरून उभा राहायला शिकला, तेही तिने काचेआडूनच पाहिलं.

आज बाईंनी लिंबूपाणी संपवलं आणि फोटोसाठी मोबाइल उंच धरला.

"अगं, तोंड तरी दाखव. भुतानं फिरवलं म्हणून सांगू का घरी?"

इम्मा हसली नाही. तिने वर पाहिलं. एलिओ गजांत नाक खुपसून उभा होता. तिची बोटं हनुवटीखालच्या पट्ट्याशी गेली, थांबली. मग तिने हेल्मेट काढलं. घामाने चिकटलेले केस कपाळावरून मागे सारले, त्याला चेहरा नीट दिसावा म्हणून.

वर सासूबाईंचा दोरी ओढणारा हात जागीच थांबला.

एलिओ तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ. इम्माला वाटलं, आता ओठ मुडपेल, आता हात बाहेर येतील.

त्याने बाईंकडे पाहिलं आणि इवलीशी मूठ उघडझाप करत टाटा केला. मग तिच्याकडे वळून तसाच, तेवढ्याच आनंदाने, तिलाही केला.

सासूबाईंनी मान फिरवली.

"किती गुणी बाळ," बाई म्हणाल्या. "अनोळखी माणसांना बघूनसुद्धा रडत नाही."

"नाही," इम्मा म्हणाली. "आता नाही रडत."

आणि वर बघत तिनेही हात हलवला, पाहुणे हलवतात तसा.