गळ्यातला साप

गिरणीमागच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. पोरं कडेवर घेतलेल्या बायका, आणि मधोमध स्टुलावर गळेबाबा!

"साप आहे, साप! लेकराच्या गळ्यात घर करून बसलाय. निघ रे बाहेर!"

बाबांनी एका पोराच्या घशात दोन बोटं घातली, डोळे गरगर फिरवले आणि पांढरी, ओली पट्टी उपसून काढली. बायकांचा एकच लोंढा पुढे आला.

घटसर्पावर तेव्हा लस नव्हती, औषधही नव्हतं. पंधरवड्यात वस्तीतली नऊ मुलं गेली होती. शिवणबाईचा मुलगाही तापाने फणफणला होता. त्याचाही 'साप' निघाला. बाबांची नजर तिच्या धाकटीवर गेली.

"ही ठणठणीत आहे, बाबा."

"साप शेजारचं घर आधी हेरतो, माउली!" तीच ओली बोटं धाकटीच्या घशात गेली.

तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. चौथ्या दिवशी धाकटीला घोट गिळवेना. तेव्हा कुठे शिवणबाई तिला घेऊन डॉक्टरांकडे धावली आणि बाबांचं सारं सांगितलं.

"आत पडदा धरलाय," डॉक्टर म्हणाले. "तो ओढला तर रक्त येतं. बाबाच्या बोटांना रक्त होतं?"

"नाही."

"मग ते घशातलं नव्हतंच. बोटं धुतली होती त्याने?"

तिने धाकटीला पुढे केलं. "औषध द्या ना!"

"ह्यावर औषधच नाही हो, बाई. खोटं कशाला सांगू?"

धाकटीला आपल्या बहिणीपाशी ठेवून ती तडक गोदामात गेली. आज तिने बाबांचा चेहरा पाहिला नाही, बाही पाहिली. उजवीकडे अस्तर दुहेरी होतं. तिने मनगट धरलं आणि कात्रीने शिवण उसवली. ओल्या फडक्याची पुरचुंडी खाली पडली. आत अंड्याच्या कवचाखालचे पांढरे पापुद्रे होते, एकावर एक रचलेले.

बाबा मागच्या दाराकडे सरकले.

"अगं, सोड त्यांना!" एक आई कळवळली. "माझ्या पोराचा साप तेवढा काढू दे, मग धर!"

एवढ्यात दारात बहीण येऊन उभी राहिली. तोंडावर पदर. धाकटी गेली, शिवणबाई समजली. ती त्या आईकडे वळली.

"आजाऱ्याच्या घशातली बोटं ह्याने माझ्या धडधाकट लेकीच्या घशात घातली. आणि मी हात जोडून उभी! बोटं धुतलीस का, एवढंही विचारलं नाही. तुम्ही विचारा गं. समोर कुणीही असो, विचारा."

निम्म्या बायका पोरं घेऊन घरी गेल्या. निम्म्या मागच्या दाराने बाबांमागे धावल्या.