एका तासाच्या कॅलरी

"स्वेटर काढा," विनता म्हणाली.

"थंडी आहे ना, बाई."

"काढा म्हणते ना. आणि खिशात काय आहे?"

श्रीपाद वजनकाट्यावर उभा होता, वर्गात उभं केलेल्या मुलासारखा. विनतानं त्याच्या पँटच्या खिशात सरळ हात घातला. आधी स्कूटरची किल्ली निघाली, मग घराच्या किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या खिशातून मोबाइल आणि सगळ्यात शेवटी पिवळ्या प्लास्टिकचा, भोकाभोकांचा बॉल. एवढा संसार खिशात घालून माणूस वजनाला उभा राहतो, आता याला काय म्हणावं!

"बॉलला काय वजन असते?" तो म्हणाला. "तो असाच राहून गेला."

"आणि किल्ल्या? त्याही अशाच राहून गेल्या?"

त्यावर श्रीपाद छताकडे पाहू लागला. खिसे रिकामे झाल्यावर काटा मागच्या रविवारच्या जरा अलीकडेच थांबला. जरासाच, पण विनतानं वाकून तो दोनदा वाचला.

पावसाळ्यात श्रीपादच्या मानेत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं सुरू झाली. फॅक्टरीतून रिटायर झाला तेव्हा चांगला भरभक्कम होता. आता शर्ट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. शेवटची दोन इंजेक्शनं उरली होती. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की वजन घसरलं तर इंजेक्शन पुढे ढकलावं लागेल, आणि आता पुढे ढकलणं बरं नाही. येत्या गुरुवारी दवाखान्यात वजन व्हायचं होतं.

याच डॉक्टरांनी पिकलबॉल, म्हणजे जाळीवरून बॅटनं बॉल टोलवायचा तो नवा खेळ, खेळायलाही परवानगी दिली होती. "खेलिए, हल्का-फुल्का. मन लगा रहेगा," असं म्हणाले होते. मन लागण्याचं ठीक आहे हो, पण शरीर कशानं राहायचं?

"तासाला चारशेच्या वर कॅलरी जळतात त्या खेळात," विनता मोबाइल त्याच्या नाकासमोर धरून म्हणाली. "वाचा! म्हणजे माझ्या मटाराच्या करंज्या गेल्या ना पाण्यात? मी इकडे तूप घालून भरून राहिले, आणि तुम्ही तिकडे मैदानात ओतून येता."

"हे घड्याळ पाहा ना. दीडशेही नाही दाखवत."

ते घड्याळ मुलानं, तनयनं, पुण्याहून पाठवलं होतं. पण विनताचा त्या घड्याळावर विश्वास नव्हता. परवा तिनं ते स्वतःच्या मनगटावर बांधून सकाळभर काम केलं होतं, झाडलं होतं, चादरी पिळल्या होत्या, आणि घड्याळानं तिच्याच नावावर जास्त कॅलरी मांडल्या होत्या. म्हणजे एक तर घड्याळ खोटं, नाहीतर हा माणूस खेळताना ते काढून बाकावर ठेवतो. जो वजनकाट्याला किल्ल्या खाऊ घालतो, त्याचा काय भरवसा?

दुसऱ्या दिवशी श्रीपाद बॅट घेऊन बाहेर पडला, तशी तीही शाल गुंडाळून मागोमाग निघाली. चेरीतालच्या मैदानावर धुकं होतं. जुन्या बॅडमिंटनच्या कोर्टावर नव्या रेषा मारून तिथे ही मंडळी खेळायची. विनता पाण्याच्या टाकीआड उभी राहिली. काय करायचं ते तिचं ठरलेलं होतं. घड्याळ बाकावर दिसलं की सगळ्यांसमोर हातातली बॅट काढून घ्यायची आणि नवऱ्याला घरी न्यायचं. लाज वाटली तर वाटली.

पण घड्याळ मनगटावरच होतं.

श्रीपादच्या बाजूला बँकेत काम करणारी मेघना होती. जाळीपलीकडे कॉलेजात शिकवणारा आलोक आणि रेल्वेतून रिटायर झालेले भय्यासाहेब. आलोकनं मेघनाकडे असा बॉल हाणला की ती धावत मागच्या रेषेपर्यंत गेली. तिनं कसाबसा परतवला. पुढचा बॉल श्रीपादकडे आला, तो मात्र अलगद, उजव्या हाताशी, पानावर वाढल्यासारखा. श्रीपादनं जागेवरून न हलता टोलवला.

"क्या मारा, सर!" आलोक ओरडला.

विनता पाहत राहिली. मेघनाला बॉल जोरात यायचा, श्रीपादला हातात यायचा. जरा लांब गेला की मेघना "मेरा, मेरा!" करत त्याच्या बाजूला घुसायची आणि धापा टाकत परत यायची. एकदा मात्र बॉल भलतीकडेच उडाला. श्रीपाद पळायच्या बेतात होता, तेवढ्यात तिघंही एकदम ओरडले.

"आउट! आउट!"

बॉल चांगला वीतभर आत पडला होता. जन्मात कधी खेळली नव्हती, त्या विनतालाही तो दिसला. आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडले होते भय्यासाहेब. हे गृहस्थ केसाएवढ्या रेषेवरून हुज्जत घालतात, कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, असं श्रीपादच घरी येऊन सांगायचा.

डाव संपल्यावर भय्यासाहेब लंगडत टाकीपाशी पाणी प्यायला आले आणि दचकलेच.

"वहिनी? इथं काहून उभ्या?"

"तो बॉल आत होता, भय्यासाहेब."

त्यांनी मागे वळून पाहिलं. श्रीपाद बाकावर बसून आलोकला काहीतरी शिकवत होता.

"होता," ते हळूच म्हणाले. "त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, वजन पडलं तर सुई पुढं जाते म्हणून. मेघनानं तिथंच मोबाइलवर पाहिलं, किती कॅलरी जातात. आम्ही तर घाबरलोच. खेळू नको म्हणावं, तर त्याचं तोंड पाहवलं नसतं. मग म्हटलं, चलो, त्याच्या वाट्याचं आपण पळू."

विनतानं भांडायला म्हणून जे काही तोंडाशी आणलं होतं, ते सगळं डोळ्यांतून वाहू लागलं.

"आणि तुमचे गुडघे?" ती कशीबशी म्हणाली.

"शेकून राहिलो ना रोज. पोटही कमी होऊन राहिलं, आमची बायको खूश आहे." ते हसले. "फक्त त्याला सांगू नका हं."

ती त्याच्याआधी घरी पोचली. श्रीपाद आला तो ऐटीतच. "आज मीच जिंकवलं," म्हणाला. विनता "हो का" म्हणाली आणि त्याच्या वरणावर आणखी तूप सोडलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिनं तीन नावं घेतली. देवाचे आभार मानायचे राहूनच गेले, ते मग आठवण झाल्यावर मानले.

गुरुवारी दवाखान्यात तिनं स्वतः त्याचे खिसे रिकामे केले. वजन अगदी काठावर होतं, पण होतं. इंजेक्शन मिळालं. नंतरचे काही दिवस अंथरुणात गेले, आणि मग एका सकाळी श्रीपादनं पुन्हा खेळायचे बूट बाहेर काढले. विनतानं मटाराच्या करंज्या तळल्या होत्या. त्या ती डब्यात भरू लागली.

"हे कोणासाठी?"

"तुमच्या मंडळींसाठी. खेळून झाल्यावर द्या सगळ्यांना."

"मेघनाच्या वाटची एक जास्त ठेव," लेस बांधता बांधता तो म्हणाला.

"काहून?"

"तिला दोघांचं पळावं लागते ना."

विनताचा हात डब्यातच राहिला. श्रीपादनं मान वर केली नाही.

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"फॅक्टरीत जन्मभर माल तपासला मी. आत पडलेला बॉल मला दिसत नाही काय?"

"मग बोलला नाहीत ते त्यांना?"

"काय बोलू?" लेस झाली होती, तरी तो वाकलेलाच राहिला. "सकाळी सकाळी थंडीत तिघं माझ्यासाठी पळून राहिले. यावर काय बोलतात, मला तर सुचलंच नाही. तूही सांगू नको त्यांना. एक सुई बाकी आहे. ती होऊ दे, अंगात जरा ताकद येऊ दे. मग भय्यासाहेबांच्या वाट्याचं मी पळतो. गुडघे पाहिलेस काय त्यांचे?"

विनतानं मेघनासाठी एक करंजी जास्त ठेवली, भय्यासाहेबांसाठीही एक ठेवली आणि झाकण लावून डबा त्याच्या हातात दिला.