शेंदराखालची अक्षरं

मी पाट बोलतोय. देऊळघाटच्या मारुतीशेजारी भिंतीला टेकून उभा आहे ना, तोच. आवाज दबका वाटेल. अंगावर शेंदराचे इतके थर चढले की तुमचाही असाच होईल.

पूर्वी माणसं माझ्यावर बसून जेवायची. आता माझ्यापुढे डोकं टेकतात. मधली काही वर्षं तेवढा मी खरा कामाचा होतो.

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळातली गोष्ट. देवीच्या साथीत महादेवरावांच्या लेकीचे, कोकिळेचे डोळे गेले. शाळेत तिला कोणी घेईना. महादेवराव शेतकरी माणूस, पण लिहितावाचता येणारे. त्यांनी मला उचलून कडूबा सुताराकडे नेलं आणि खडूनं माझ्यावर मुळाक्षरं काढली. कडूबानं ती पटाशीनं कोरली. कोकिळेनं बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, हे तं सारं मुंग्याच्या वारुळावानी लागते."

डोळ्यांना पुरतील एवढीच अक्षरं काढली होती. बोटाचा विचार कोणी केला नव्हता. मग मला उलटं केलं आणि पाठीवर बोट मावेल एवढी अक्षरं खोल कोरली. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

शेतातून आल्यावर बाप तिचं बोट धरी. क, च, ट, त, प डाव्या काठाला, बाकीची मंडळी त्यांच्यामागे. तिच्या बोटानं माझ्या खाचा गुळगुळीत झाल्या. एक दिवस तिनं आपल्या नावातली अक्षरं आपली आपण शोधली. तिची आई रुखमाबाई हमसून रडली. पुढे कोकिळेला माझी गरज उरली नाही, तेव्हा "पाटानं माह्या पोरीले डोळे देले" म्हणत रुखमाबाईनं मला मारुतीपाशी ठेवलं आणि शेंदराचा टिळा लावला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिथंच फसलो. गावानं ऐकलं आणि पाट जागृत झाला! तापासाठी शेंदूर, परीक्षेसाठी शेंदूर, हरवलेल्या बैलासाठीसुद्धा शेंदूर. बैल कुठे गेला ते मला काय ठाऊक? शिकवलं महादेवरावांनी, नाव झालं माझं. अक्षरं एकेक करून बुजली. थकलो मी या देवपणाला.

आज कोकिळा आली. मोठी बाई झाली आहे आता. सोबत शेजारची अंबूबाई आणि तिची डोळे गेलेली लेक, तानू. कोकिळेला तिला शिकवायचं होतं. तिनं माझ्यावरून हात फिरवला आणि थबकली.

"माही अक्षरं कुठी गेली? कडूबा काका, खरवडून द्या ना."

म्हातारा कडूबा पारावरच बसला होता. "देवाच्या अंगाले पटाशी लावू? नाही बाई, माह्यानं नाही होत. अन् नवा कोरायले आता नजर राह्यली नाही."

कोकिळा काठ चाचपत राहिली. क बुजलेला, च बुजलेला, ट बुजलेला. मग तिचं बोट अडलं. त उघडा होता!

"तानू, इथं बोट ठेव. हा तुह्या नावातला."

तानूनं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि खुदकन हसली. "मले समजला! इळ्यावानी वळते, अन् बाजूले दांडी हाय."

किती वर्षांनी माझ्या लाकडात जीव आला.

अंबूबाईचे डोळे भरून आले. "पावला रे देवा!" म्हणत तिनं मारुतीपुढच्या वाटीत बोटं बुडवली आणि लेकीचं बोट होतं तिथंच भरभरून शेंदूर लावला.

मला हात असते तर जोडले असते. नमस्कार पुरे झाले, बाबांनो. कोणीतरी नखानं तेवढा त उकरा. शेंदूर अजून ओला आहे.