रस्त्याच्या अलीकडे

दिनानाथांनी चष्मा कपाळावर सरकवला, डावा डोळा मिटला आणि कॅमेरा वर उचलला.

पारनाक्यावर सकाळची घाई होती. रिक्षा, शाळेच्या गाड्या, पावाच्या टोपल्या लादलेली एक सायकल. या सगळ्याच्या पलीकडे, रक्त-लघवी तपासणीच्या केंद्राला लागून असलेल्या बुटक्या कठड्यावर एक बाई बसली होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली. डिसेंबरचं कोवळं ऊन बाजूने येऊन ओढणीच्या कडेवर टेकलं होतं. मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी खायचं होतं, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मान जराशी वर करून ती समोर बघत होती. सगळा रस्ता पळत होता आणि ती तेवढी थांबली होती.

दिनानाथ एका उभ्या टेम्पोच्या आडोशाला होते. भिंगातून त्यांना चेहरे नीट दिसत नसत. ते काम कॅमेऱ्याचं. त्यांनी बघायचा तो उजेड आणि आकार. एक रिक्षा गेली, दुसरी गेली, मधे क्षणभर रस्ता मोकळा झाला आणि त्यांनी बटण दाबलं.

चष्मा खाली ओढून त्यांनी मागच्या पडद्यावर फोटो मोठा केला.

ती सुनंदा होती.

त्यांनी मान वर करून पाहिलं. सुनंदाच. घरातून निघताना ‘सुहासिनीकडे जाऊन येते’ म्हणाली होती. सुहासिनी त्यांच्याच सोसायटीत, मागच्या इमारतीत राहायची. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं. रस्ता काही फार रुंद नव्हता, साध्या आवाजातली हाकही पोचली असती. पण त्यांची नजर पुन्हा त्या चेहऱ्यावर गेली आणि त्यांनी हाक मारली नाही. सुनंदाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू यावं की न यावं असं काहीतरी रेंगाळत होतं. कपाळावरची नेहमीची आठी नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात हा चेहरा आपण पाहिलेला नाही, असं त्यांना वाटलं. स्वतःच्याच बायकोचं काहीतरी चोरून बघितल्यासारखे ते ओशाळले, आणि तरीही त्यांनी कॅमेरा पुन्हा वर केला. आणखी दोन फोटो काढले.

तेवढ्यात एक बस आली आणि मधे उभी राहिली. तिच्या आड दिनानाथ वळले आणि शेजारच्या गल्लीतून घराकडे चालू लागले.

कॅमेऱ्याचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला होता. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी वसई पाहिली ती अंधारात निघताना आणि अंधारात परतताना. विमा कंपनीतली शेवटची खुर्ची सोडली तेव्हा आपण राहतो त्या गावाची सकाळ कशी असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पुण्याच्या लेकीने वाढदिवसाला कॅमेरा पाठवला. मग वसई-विरारच्या हौशी छायाचित्रकारांचा एक गट सापडला. गट चालवणारी नताशा शाळेत चित्रकला शिकवायची. तरुण, बडबडी, पण कॅमेरा हातात आला की एकदम गप्प.

“काका, जवळ नाही जायचं,” तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “माणसाला कळलं ना की आपण बघतोय, की तो पोझ देतो. मग फोटो मिळतो, माणूस नाही मिळत. फक्त थांबायचं. ते आपोआप होतं.”

दिनानाथांना हे मनापासून पटलं. कोणाच्या मधे न पडणं हा त्यांचा स्वभावच होता. आता त्या स्वभावाला काहीतरी कामही मिळालं. केस वाळवत पायरीवर बसलेल्या आजी, दुकानाच्या शटरला टेकून डुलकी घेणारा हमाल, तळ्याकाठी एकमेकांशी न बोलता बसलेले दोन म्हातारे मित्र. रोज संध्याकाळच्या चहाला ते हे फोटो सुनंदाला दाखवत. ती मन लावून बघायची. एकदा सहज म्हणाली होती, “अनोळखी माणसं बरी दिसतात तुम्हाला.” त्यांना ते कौतुक वाटलं होतं.

त्या दिवशी सुनंदा घरी आली ती मेथीची जुडी घेऊन.

“होती का सुहासिनी?” त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

“होती की. तिची बडबड संपते का लवकर?” आत जाता जाता ती म्हणाली. क्षणभर ती दारात थांबली. “तुम्ही कुठवर जाऊन आलात?”

“इथेच. पारनाक्यापर्यंत.”

ती आणखी काही विचारेल असं त्यांना वाटलं. तिने जुडी ओट्यावर ठेवली आणि नळ सोडला.

दुपारी ती झोपल्यावर त्यांनी फोटो संगणकावर घेतला. मोठा करत करत चेहऱ्यापाशी आले, तिथून खाली. डावा हात कोपरात घट्ट मुडपलेला होता आणि त्या घडीत पांढरं काहीतरी दिसत होतं. त्यांनी आणखी मोठं केलं. कापसाचा बोळा. मागच्या भिंतीवर केंद्राच्या पाटीची निळी कडा होती.

त्यांनी संगणक बंद केला. बायकोने रक्त तपासलं आणि आपल्याला सांगितलं नाही. साधं साखरेचं असेल. पण साध्यासाठी कोणी सुहासिनीचं नाव कशाला पुढे करेल? विचारावं तर आपण तिथे होतो हे सांगावं लागेल. आणि होतो तर मग समोर का आलो नाही, हे कसं सांगायचं? सांगायचं असेल तेव्हा तीच सांगेल, असं त्यांनी ठरवलं. ठरवल्यावर जरा बरंही वाटलं.

ती काही बोलली नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी गट पाचूबंदरला जाणार होता. निघताना दिनानाथ दारात घुटमळले.

“तुझं काय आज?”

“माझं काय असणार? घरची कामं,” सुनंदा म्हणाली. “जाऊन या. टोपी घ्या.”

बंदरावर मासळीचा लिलाव आटोपला होता. ओल्या धक्क्यावर एक कोळीण रिकाम्या टोपलीवर बसून बशीत चहा ओतत होती. बशी तिने स्वतःच्या तोंडाला न लावता पायाशी बसलेल्या मांजरापुढे धरली, फुंकर घालून. दिनानाथांनी लांबूनच टिपलं.

“काका, मागं व्हा जरा,” बाजूने टोपली धूत असलेली दुसरी ओरडली. “पानी उडंल तुमच्या क्यामेऱ्यावर!”

ते हसले आणि मागे झाले. परतताना नताशाने त्यांना गाठलं. नाताळाआधी वाचनालयाच्या हॉलमध्ये गटाचं प्रदर्शन होतं, प्रत्येकाचा एकच फोटो.

“तुमचा कुठला? मंगळवारपर्यंत द्या. मांजरवाला पण मस्त आलाय.”

“बघतो,” दिनानाथ म्हणाले.

सोमवारी त्यांनी स्टुडिओतून सात-आठ फोटो छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. आजी, हमाल, तळ्यावरचे मित्र, मांजर. सगळ्यांच्या मधे पारनाक्याचा. विचारायचं कसं हे त्यांना सुचत नव्हतं. मांडणं तेवढं जमलं. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि खाली मुलं कागदाची मोठी चांदणी दोरीवर चढवत होती ती बघू लागले.

सुनंदा ओढणीला हात पुसत बाहेर आली.

“एक निवडायचाय,” ते न वळता म्हणाले. “तू सांग.”

मागे एकेक फोटो सरकवल्याचा आवाज आला. मग कागद उचलल्याचा.

“हा छान आलाय,” ती म्हणाली.

दिनानाथ वळले. तिच्या हातात तोच होता.

“रक्त द्यायला गेली होतीस?”

“रक्त आणि सोनोग्राफी.” ती खुर्चीत बसली. “काखेत गाठ लागली हाताला. दिवाळीच्या आधीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघून घेऊ. शनिवारी सुई घालून थोडं काढलं, तपासायला. उद्या कळेल.”

“शनिवारी?”

“तुम्ही बंदरावर होतात तेव्हा.”

त्यांनी टेबलाची कड धरली. समोर मांजराचा फोटो होता. तो त्यांनी उगाचच पालथा घातला.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कशात तरी रमला होतात. म्हटलं, काही निघालं तर सांगू. नाही निघालं तर प्रश्नच मिटला.” तिने फोटो उजेडाकडे धरला. “आणि तुम्ही का नाही विचारलंत? बुधवारी काढलात ना हा? आज सोमवार.”

दिनानाथ समोरच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, “तू इतकी शांत बसली होतीस. तुला असं मी कधी बघितलंच नव्हतं. वाटलं, मी आलो तर ते मोडेल. खरंच सांगतो. म्हणून नाही आलो.”

“शांत?”

तिने स्वतःच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, धूळ पुसावी तसा.

“तुम्ही दिसला होतात मला,” ती म्हणाली. “टेम्पोच्या मागे. ती राखाडी टोपी आणि वर केलेला कॅमेरा. मी केव्हाची रडकुंडीला आले होते, घास उतरत नव्हता. तुम्ही दिसलात आणि हसूच आलं. म्हटलं, सापडले मी. आता फोटो काढून होईल, मग हे रस्ता ओलांडून येतील, विचारतील, आणि मला सांगावंच लागेल. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. म्हणून बसून राहिले.”

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

“मग ती बस आली,” सुनंदा म्हणाली. “गेली, तर तुम्ही नव्हतात.”

“हाक मारायचीस.”

“तुम्ही फोटो काढत होतात ना.”

तिच्या स्वरात राग नव्हता. तिने फोटो ओळीत होता तिथे परत ठेवला, कडा सरळ केल्या आणि गॅस बंद करायला उठली.

थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दारात आले. ती पाठमोरी भात काढत होती.

“उद्या किती वाजता बोलावलंय?”

“दहाला. पण उद्या तुम्हाला त्या मुलीला फोटो द्यायचाय.”

“तिला कळवतो.”

सुनंदाने दुसरं ताट घेतलं, त्यात भात वाढला आणि त्यावर वरण घातलं.

दवाखान्यात गर्दी होती. भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या. समोरच्या खुर्चीवर एक बाई लहान मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या शर्टाची गुंडी परत परत लावत होती. मूल परत परत सोडत होतं. खिडकीतून येणारा उजेड नेमका त्या दोन हातांवर पडला होता. दिनानाथांच्या ते लक्षात आलं. सुनंदाच्याही आलं असावं, कारण तिने चटकन त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे हात रिकामे होते. कुठे ठेवावेत हे न कळून त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले होते. सुनंदाने आपली पर्स उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“धरा जरा,” ती म्हणाली.

त्यांनी पर्स दोन्ही हातांनी धरली.

आतलं दार उघडलं आणि परिचारिकेने हातातल्या कागदाकडे बघून मोठ्याने विचारलं, “सुनंदा परुळेकर कोण?”

दोघंही उठले.