अडकित्त्यातली शीर

दादाने धाकट्याशी बोलणं टाकलं, त्याला कारण काकांची कवळी. बाबांच्या शोकसभेत काका हुंदका द्यायला गेले आणि कवळी सुटून थेट बाबांच्या फोटोपुढच्या फुलांत जाऊन बसली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. धाकटा हसला. हसला म्हणजे थोडंथोडकं नाही, दोघांनी धरून त्याला बाहेर न्यावं लागलं.

तेव्हापासून दादाचं सगळं वहिनीमार्फत. दोघं भाऊ एकाच सोफ्यावर असले तरी दादा भिंतीकडे बघून म्हणे, "त्याला सांग, पंखा कमी कर." वहिनी म्हणे, "भाऊजी, पंखा." धाकटा उठून पंखा कमी करी. व्यवस्था चोख होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त धाकट्याचा जीव तुटायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, जन्मात न भेटलेली माणसंही त्याच्याशी दारापलीकडून थेट बोलायची, शिव्यासुद्धा थेट द्यायची. आणि लहानपणी त्याला 'शेपूट' म्हणून हाक मारणारा दादा मात्र भिंतीशी बोलायचा.

मग दादाच्या किडन्यांनी हात टेकले. धाकट्याने आपली एक देऊ केली.

"त्याला सांग, नीट विचार कर म्हणावं."

"त्यांना सांगा, केलाय."

विचार असा होता: माणूस सख्ख्या भावाशी अबोला धरेल, पण स्वतःच्या पोटात बसलेल्या किडनीशी किती दिवस धरणार?

रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. सीटी स्कॅनचं सांगायला डॉक्टरबाईंनी तिघांना समोर बसवलं. पडद्यावर धाकट्याचं पोट करड्या रंगात उघडं पडलं होतं.

"डावी घेणं आम्हाला बरं पडतं, तिची शीर लांब असते," बाई म्हणाल्या. "पण इथे बघा. दोन धमन्यांच्या मधून जाताना ती चपटी झालीय. अडकित्त्यात सुपारी धरावी, तशी."

धाकटा पडद्याकडे वाकला. "म्हणजे चालणार नाही?"

दादा भिंतीला म्हणाला, "त्याला विचार, कधी दुखलं होतं का."

"भाऊजी, दुखलं होतं का?"

"नाही म्हणावं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दोघं बोलत नाही?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"आणि किडनी?"

"ती घेणार आहेत." वहिनीने पर्स मांडीवर घेतली. "डॉक्टर, अडकित्त्यात इतकी वर्षं मी आहे. माझाही एक फोटो काढा."

मग दादाचे खांदे हलायला लागले. त्याने तोंडावर रुमाल धरला, पण हसू रुमालाच्या चारी बाजूंनी बाहेर आलं. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत तो हसला. धाकटा मान खाली घालून बसला. हसणाऱ्याला धरून बाहेर नेण्याची पद्धत असते हे त्याला ठाऊक होतं, पण त्याने दादाला नेलं नाही.

हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "पाठीवर झोपवून काढलेल्या स्कॅनमध्ये पुष्कळांची अशी दिसते. लघवीत रक्त नाही, कुशीत दुखत नाही, तर हा आजार नाही. माणसामाणसांतला फरक आहे. किडनी चालेल."

बाहेर तिघं लिफ्टमध्ये शिरले. दार कुरकुरत बंद झालं. दादा दाराकडे बघत म्हणाला, "त्याला सां... तुला रे, या दाराला तेल हवंय ना?"

वहिनीने सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"रोलर झिजलाय," धाकटा म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच नवखा वाटला. "तेलाने नाही भागायचं."

"असं होय," दादा म्हणाला.

लिफ्ट खाली निघाली. धाकट्याने अडकलेल्या लिफ्ट सोडवण्यात अर्धं आयुष्य घातलं होतं. आज ही मध्येच कुठेतरी अडकावी म्हणून तो मजल्यांच्या आकड्यांकडे टक लावून बघत राहिला. लिफ्ट बिचारी एकदाही अडली नाही.