बारा तारा लागेपर्यंत

“वायर कुठाय?” ताहेरभाईंनी विचारलं.

“वायर काहाले पायजे, चाचा?” कुलदीप हसला. “गिटार गळ्यात घालून नुसतं उभं राहाचं. वाजवाले कीबोर्ड हाये ना! त्याच्यात तुमच्या बारा तारांचाही आवाज भरेल हाये.”

वामनरावांच्या ऑर्केस्ट्राला पन्नास वर्षं झाली म्हणून अकोल्यात कार्यक्रम होता. वामनराव गेले, आता कारभार त्यांच्या मुलाकडे, या कुलदीपकडे. त्याने मोठ्या मानाने अमरावतीला गाडी पाठवून ताहेरभाईंना आणवलं, ते यासाठी! म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

एके काळी चांदूर रेल्वे गावापासून अकोल्यापर्यंत लोक ऑर्केस्ट्राच्या गाण्यांइतकंच ताहेरभाईंची ही पोकळ पोटाची, विजेवर वाजणारी लाल गिटार बघायला यायचे. प्रत्येक सुराला दोन-दोन तारा. नुसता हात फिरवला की मांडवभर झणकार. मग कीबोर्ड आला. त्याचे सूर लावावे लागत नव्हते, की तार तुटायची भीती नव्हती. वामनराव एकदा संकोचून म्हणाले, “ताहेर, तुह्या बारा तारा लागेस्तोवर पब्लिक उठून जाते रे.” त्या दिवशी गिटार कपाटावर चढली आणि ताहेरभाई पंखे दुरुस्त करायला बसले. तरी दर शुक्रवारी ती खाली उतरायची, पुसली जायची, सुरात लावली जायची. बारीक तार सुटी मिळेना, तेव्हा त्यांनी बुलबुलतरंगाची बसवली होती.

सकाळी निघताना बायकोने, रईसाने, एवढंच बजावलं होतं, “दिखाने कू मत जाव. बजाना है तो जाव.”

नाव पुकारलं गेलं. ताहेरभाईंनी पिशवीतून स्वतःची वायर काढली, स्टेजवर जाऊन ॲम्प्लिफायरला जोडली आणि खुर्ची ओढून तारा लावायला बसले. पहिली. दुसरी. प्रवासात सगळ्याच उतरल्या होत्या. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली, मागून शिट्ट्या आल्या. कुणीतरी “झोपले काय?” म्हणून ओरडलंही.

कुलदीप पडद्याआडून घायकुतीला आला. “चाचा, आवरा ना! पब्लिक उठून जाईन!”

“जाऊ दे,” ताहेरभाई म्हणाले. समोरचा माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. “तुह्या बाबानं हेच म्हटलं होतं. तवा मी ऐकलं. आज नाही ऐकत.”

आठवी. नववी. हात खुंट्या सोडत नव्हते.

बारावी लागली तेव्हा निम्मा हॉल रिकामा झाला होता. ताहेरभाईंनी चष्मा नीट केला, उरलेल्या निम्म्यांकडे एकदा पाहिलं आणि सगळ्या तारांवरून हात फिरवला.