दोरीवर वाळत घातलेला तारा

मी एक अॅल्युमिनियमची पेटी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आकाराम मिस्त्रीचे ठोके खाऊन घडले, म्हणून बोलणं जरा ठणठणीत. राग मानू नका.

मला घडवून घेतलं मीनाक्षीनं. कोल्हापूरच्याच मंगळवार पेठेतल्या मास्तरांची ही पोरगी हैदराबादला संशोधन करायची. तिला एका जोडताऱ्याचं वेड. त्यातला थोरला दाट वायू ओकणारा, आणि धाकटा त्या वायूत पार बुडालेला. धाकटा गरगर फिरतो आणि क्ष-किरणांचे ठोके देतो. "आत आहे गं तो," ती मला म्हणायची, "मला फक्त त्याची नाडी हवी."

हे किरण आपल्या हवेत अडतात. म्हणून सत्त्याहत्तर साली तिनं मला भल्यामोठ्या फुग्याला बांधून वर सोडलं. संस्थेनं हे एकच उड्डाण दिलं होतं. आणि खरं सांगते, माझ्या पोटातल्या यंत्राला ते ठोके सापडले! फिल्मवर ओळीनं उमटले. मला आभाळ ठेंगणं झालं.

वाऱ्यानं मला पश्चिमेला ढकललं आणि शिरोळजवळ बयाबाईच्या उसात, चिखलात उतरवलं. दैव बघा, माहेरच्याच जिल्ह्यात.

"अगं बया, आभाळातनं पावणं आलंय की!" बयाबाई धावत आली. पावण्याच्या पायावर आधी पाणी घालायचं, ही तिची रीत. अंगणात नेऊन तिनं माझ्यावर कळशीभर पाणी ओतलं. पडताना माझं झाकण उचकटलं होतं. पाणी आत शिरलं. "ओल ऱ्हायली तर बिघडंल," म्हणत त्या माउलीनं झाकण काढलं, फिल्म उलगडली आणि लुगड्याशेजारी दोरीवर वाळत घातली. मी जीव तोडून ओरडत होते. पेटीचं कोण ऐकतंय!

दुसऱ्या दिवशी मीनाक्षी जीपनं आली. दोरीवरची फिल्म तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली. डेव्हलप होण्याआधीच उजेड लागलेल्या फिल्मवर काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"ताई, आमचं काय चुकलं व्हय?" बयाबाईचा चेहरा उतरला.

मीनाक्षीनं डोळे पुसले. "न्हाय मावशी. पावण्याचं लई केलंसा."

"तुमचं काम झालं न्हवं?"

"झालं की. तारा सापडला."

यंत्र काढून घेऊन तिनं मला बयाबाईलाच देऊन टाकलं. ती पुन्हा कधी आली नाही.

आता माझ्यात ज्वारीचं बी असतं. दसऱ्याला बयाबाई मला हळदकुंकू लावते आणि आल्यागेल्याला सांगते, "ताईंचा तारा आमच्याच दारात घावला!" तिकडं वायूच्या आड धाकटा अजून ठोके देत असेल. माझा जीव तुटतो हो.

कधी शिरोळकडं आलात, तर बयाबाईच्या हातचा चहा घ्या, मलाही एक टिचकी मारा. पण खरं काय झालं, तेवढं तिला सांगू नका.